आईचं चेंडू फेकायचं यंत्र

जानकीपुरम विस्तार, लखनौ
होळीनंतरचा रविवार

तीर्थरूप मामांच्या चरणी देवदत्तचा साष्टांग नमस्कार. मामींनाही तितकाच, किंबहुना थोडा जास्त वाकून, कारण त्यांनी पाठवलेल्या लसणाच्या चटणीवर आमचं घर सध्या तरलेलं आहे. आपला डावा डोळा आता कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर महिनाभर वर्कशॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि आपण चौथ्या दिवशी गॉगल लावून लेथपाशी उभे होतात, असं मामींकडून कळलं. रागावत नाही. रागवायचा अधिकार मला नाही, आणि असता तरी या पत्रात तो वापरणं परवडणारं नाही, हे पुढे आपल्या लक्षात येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं आपल्या मनात आलं असेल. आमचं घर तीन खोल्यांचं आहे आणि आईचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून पत्र. आणखी एक कबुली आधीच देऊन टाकतो. गेल्या दीड वर्षात आपण जितक्या वेळा फोन केलात तितक्या वेळा मी ‘आई बाथरूममध्ये आहे’ असं सांगितलं. आपण इतके सभ्य, की एकदाही विचारलं नाहीत की माझी बहीण दिवसाचे किती तास बाथरूममध्ये असते. ती तिथे नसायची. ती समोरच्या खुर्चीत बसून मला हाताने ‘नाही’ म्हणून खूण करत असायची. का, ते आपल्याला ठाऊक आहे आणि मलाही. तरी त्या विषयाकडे मी नेहमीप्रमाणे लांबून वळसा घालून येणार आहे. आधी यंत्राचं सांगतो.

गेल्या नोव्हेंबरात आमच्या संस्थेत सगळ्यांची तपासणी झाली आणि माझ्या रक्तातल्या साखरेचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला. रोज घाम गाळा म्हणाल्या. (मी दिवसभर औषधांच्या बाटल्या हलवतो, त्याने घाम येत नाही.) आपल्या भाचेसुनेने, सुरुचीने, त्याच संध्याकाळी एक रॅकेट आणि डझनभर चेंडू आणून माझ्या पुढ्यात ठेवले, कारण आमच्या कॉलनीत एक टेनिस कोर्ट आहे. आहे म्हणजे, लग्नसराईत तिथे मंडप पडतो, उन्हाळ्यात बड्या (आपले सांडगे) वाळतात, आणि उरलेल्या दिवसांत निगम साहेब खेळतात. निगम साहेब बहात्तर वर्षांचे, तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेले, अजून पांढऱ्या पँटला कडक इस्त्री. ते तीन दिवस माझ्याबरोबर खेळले. म्हणजे ते खेळले आणि मी चेंडू आणायला गेलो. चौथ्या दिवशी त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून अतिशय मायेने सांगितलं, ‘‘डॉक्टर साहब, आप कुछ दिन दीवार के साथ खेल लीजिए. दीवार बुरा नहीं मानती.’’ इथे लखनौत माणसाला घालवूनसुद्धा असं देतात, की तो घरी पोचेपर्यंत आभार मानत असतो.

आता कॉलनीतली एकुलती एक मोकळी भिंत एका बाईंच्या स्वयंपाकघराची निघाली आणि भिंतीने मानलं नाही तरी बाईंनी बुरा मानला. मी रॅकेट कपाटावर टाकून दिली. इथे आई मध्ये पडली.

आईचं काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं. बाबा गेल्यावर मी तिला इकडे आणलं त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी ती शेजारणींकडे गेली, भाजीवाल्याशी भांडली, मटारच्या हंगामात कॉलनीभर करंज्या वाटल्या. पण दीड वर्षापूर्वी खंडेनवमीला ती माधवनगरला आली, आपल्या वर्कशॉपच्या पन्नाशीचा तो समारंभ झाला, आणि परत आल्यावर ती खिडकीशी बसायला लागली. भांडण नाही, तक्रार नाही. विचारलं की ‘काही नाही रे, इथे हिंदीत बोलून जीभ दुखते’ म्हणायची. नात तिच्याशी बोलायची ती हिंदीत, आई उत्तर द्यायची मराठीत, आणि दोन्ही बाजूंनी वाक्यं दिवसेंदिवस आखूड होत गेली. मी शास्त्रज्ञ असल्यामुळे घरात काय चाललंय हे मला सगळ्यांत शेवटी कळतं. पण एवढं माझ्याही लक्षात आलं होतं.

तर कपाटावरची रॅकेट बघून आई म्हणाली, ‘‘चल, मी टाकते चेंडू.’’ दुसऱ्या दिवसापासून सकाळी सात वाजता, धुक्यात, ती स्वेटर, कानटोपी आणि नऊवारीचा काष्टा अशा वेषात जाळीपलीकडे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून बादलीतले चेंडू मला टाकायला लागली. मामा, अडुसष्टाव्या वर्षी तिचा नेम मी बघितला. एकेक चेंडू त्याच जागी. चुकायचो मी. नऊ दिवस हे चाललं आणि दहाव्या दिवशी तिचा खांदा धरला. तेल, शेक, पट्टा सगळं झालं. मला वाटलं, संपलं. साखर वाढू दे, आईचा खांदा महत्त्वाचा.

पण आमच्या फाटकाबाहेर उसाच्या रसाची गाडी लागते. खांद्याला पट्टा बांधून आई तिथे रस प्यायला गेली आणि रस संपला तरी हलेना. रसवाल्याने दुसरा ग्लास दिला, तिने तो नुसता हातात धरला. चरकाच्या दोन लाटा उलटसुलट फिरताहेत, मधून ऊस आत जातोय आणि पलीकडून बाहेर पडतोय, एवढंच ती बघत होती. घरी येऊन ती म्हणाली, ‘‘देवू, मला चेंडूचं माप घ्यायचंय.’’ आणि तिने पलंगाखालची पेटी ओढली, साड्यांचा एक थर उचलला आणि त्याखालून आजोबांचा व्हर्निअर काढला. होय मामा. तोच, जो सत्तेचाळीस वर्षांपूर्वी हरवला म्हणून आपण सबंध वर्कशॉप झाडून घेतलं होतंत आणि विहिरीत गळही टाकला होतात. तो विहिरीत नव्हता. तो तिच्या लग्नाच्या शालूत होता. यावर आपण काय म्हणायचं ते म्हणा, मी फक्त वार्ता कळवतो आहे.

यंत्राचा पहिला अवतार मात्र रसाच्या गाडीवरून आला नाही. तसल्या लाटा फिरवायला मोटारी हव्या होत्या, त्या मिळेपर्यंत धीर निघेना म्हणून तिने पाण्याच्या नळाचा एक जाड पाइप आणि सायकलच्या दोन ट्यूब घेऊन एक प्रकारची बेचकी बनवली. तिचं म्हणणं, जोर किती लागतो ते तरी कळेल. जोर बराच लागला. चेंडू कोर्टावरून, कडुलिंबावरून, कॉलनीच्या भिंतीवरून गेला आणि आमच्या संस्थेच्या आवारात पडला. तिथल्या पहारेकऱ्याने वहीत नोंद केली, ‘एक हरी गेंद, तेज रफ्तार, कॉलनी की तरफ से.’ ही नोंद सुरक्षा समितीपुढे आली. त्या समितीचा मी सभासद आहे. सगळ्यांचं म्हणणं पडलं की डॉक्टर पाटणकर कॉलनीतच राहतात, त्यांनीच चौकशी करावी. मी चौकशी केली. घरी जाऊन आईला विचारलं की तूच ना? ती म्हणाली, हो, आणि कोन पंचेचाळीसच्या जवळ ठेवला की सगळ्यांत लांब जातं, हे तुझ्या समितीला सांग. मी अहवालात ‘पुन्हा घडणार नाही’ एवढंच लिहिलं. (ते खरं ठरलं. पुढचे सगळे चेंडू मलाच लागले.)

मोटारींसाठी आम्ही कुर्सी रोडवर रिझवान भाईंकडे गेलो. रिझवान भाई ई-रिक्षा दुरुस्त करतात, पन्नाशीचे, कमी बोलणारे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खुर्ची दिली, आईला पाणी दिलं आणि सगळे प्रश्न मला विचारले. किती वेग हवा, वजन किती, बॅटरी कुठली. मी प्रत्येक वेळी आईकडे बघायचो, आई मराठीत सांगायची, मी हिंदीत करायचो आणि त्यात बरोब्बर चूक करायचो. तिसऱ्या प्रश्नाला आईने मला हाताने बाजूला केलं. जमिनीवर खडूने दोन वर्तुळं काढली, एकावर एक, मध्ये एक लहान वर्तुळ, आणि लहान वर्तुळ दोन्हींमध्ये थोडं घुसलेलं दाखवलं. म्हणाली, ‘‘बॉल साडे छे का. फट पाच का. दबेगा, तब भागेगा.’’ रिझवान भाई खाली वाकून बघत राहिले. मग त्यांनी माझी खुर्ची माझ्याखालून मागितली, पुसली आणि आईला दिली. त्यानंतरच्या सहा आठवड्यांत त्या दुकानात मला कुणी बसायला सांगितलं नाही.

मोटारी म्हणजे जुन्या गाड्यांच्या रेडिएटरवर पंखा असतो ना, त्याच्या. रिझवान भाईंच्या साडूने तेलीबागहून दोन आणून दिल्या. प्रत्येक मोटारीवर एक चाक. चाकांना वेगळी वेगळी बटणं, पंख्याच्या रेग्युलेटरसारखी. चेंडू एकेक करून खाली पडावेत म्हणून वर एक पातेलं, त्याला बुडाशी भोक, आणि आत काच पुसायच्या वायपरची मोटार लावून फिरणारी एक तबकडी. पातेलं सुरुचीचं होतं आणि भोक पाडल्यावर एकदा ओट्यावरच राहिलं. तिला ते कळलं ते तिच्या कॉलेजातली माणसं जेवायला यायच्या दिवशी, त्यात डाळ ओतल्यावर. त्यानंतर काही दिवसांनी वीज गेली, इन्व्हर्टर लागला नाही, तिचा ऑनलाइन तास मध्येच बंद पडला आणि बघते तर इन्व्हर्टरची बॅटरी कोर्टावर. सुरुचीचं मला कौतुक वाटतं ते इथे. ती कोर्टावर गेली, बराच वेळ यंत्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, ‘‘आई, बॅटरी परत करा. तुम्हाला वेगळी आणू.’’ आणि आणली. मला आठ वर्षांत तिने नवा चष्मा घेऊ दिलेला नाही.

खरी अडचण चाकांची. दवाखान्याच्या जुन्या ट्रॉलीची रबरी चाकं बसवली होती, पण त्यांची भोकं मध्यावर नव्हती. केसभर इकडेतिकडे, आई म्हणाली, पण मिनिटाला दोन हजार फेऱ्या झाल्या की केसाचा दोरखंड होतो. यंत्र सुरू केलं की थरथरायचं आणि थरथरत थरथरत चालायला लागायचं. यंत्र चाललं असं आपण म्हणतो त्या अर्थाने नव्हे, खरोखर, पायांनी. एकदा ते जाळीपर्यंत गेलं. आईने त्याच्या चारी पायांना वाळूच्या पिशव्या बांधल्या. थरथर तरी राहिलीच.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पहिली खरी चाचणी झाली. धुकं उठलं होतं, बाल्कन्यांत माणसं होती. मी पलीकडच्या टोकाला रॅकेट घेऊन उभा. पहिला चेंडू यंत्रातून बाहेर आला, जरा विचार केला आणि तिथेच पायाशी पडला. आईने बटण फिरवलं. दुसरा चेंडू मला दिसलाच नाही, तो थेट माझ्या नाकाला लागला. मी नाक धरून खाली बसतोय तोवर तिसरा आला आणि त्याच जागी, माझ्या हातावर बसला. बाल्कन्यांतून ‘अरे अरे’ झालं. आई काष्टा सावरत धावत माझ्याकडे आली. मामा, शेहेचाळीस वर्षांचा घोडा मी, पण आई धावत येते म्हटल्यावर डोळ्यांत पाणी आलं. आई माझ्यापाशी पोचली, खाली वाकली, खडूने माझ्या बुटांभोवती रेघ मारली आणि विचारलं, ‘‘दोन्ही एकाच ठिकाणी लागले ना? तू हलला नव्हतास?’’ मी म्हणालो, नाही. ती तिथेच फरशीवर बसली आणि हसायला लागली. दीड वर्षात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. नाकातून रक्त येत होतं तरी मीही हसलो. आणखी चार चेंडू लागले असते तरी मला चाललं असतं.

त्यानंतर तिने मागे वळून बघितलं नाही. तिला कळलं की वरचं चाक जास्त वेगात ठेवलं की चेंडू जाळीपलीकडे जाऊन एकदम खाली बुडी मारतो, आणि खालचं जास्त ठेवलं की तो तरंगत राहतो. वहीत रोज नोंदी. मला परतवता येतील असे चेंडू, मला येणार नाहीत असे चेंडू, आणि कुणालाच येणार नाहीत असे. माझी साखर उतरली, हे मध्येच सांगून टाकतो, नाहीतर राहून जाईल.

निगम साहेबांच्या कानावर हे गेलंच होतं. एका सकाळी ते रॅकेट घेऊन आले आणि म्हणाले, मशीनशी दोन हात करायचेत. आईने त्यांना नमस्कार केला, यंत्रामागे गेली आणि बटणांना हात लावला. पहिले पाच चेंडू त्यांनी सुंदर परतवले. मग आईने वरचं बटण थोडंसं, म्हणजे आपण मीठ चाखतो तेवढंसं, फिरवलं. पुढचे आठ चेंडू निगम साहेबांच्या रॅकेटखालून गेले. आठ. निगम साहेबांनी रॅकेट काखेत धरली, चालत आले, यंत्राभोवती एक फेरी मारली आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘‘डॉक्टर साहब, ये आपने बनाया?’’

इथे मामा, या पत्राचा लांबचा वळसा संपतो.

मी म्हणालो, ‘‘जी, हमने बनाया.’’

माझ्या मनात ‘आम्ही’ होतं. आई, रिझवान भाई, पातेल्यापुरती सुरुची आणि नाकापुरता मी. पण लखनौत ‘हम’ म्हणजे ‘मी’. इथे रिक्षावालासुद्धा स्वतःला ‘हम’ म्हणतो. अकरा वर्षं मी या गावात राहतो, मला हे ठाऊक नाही असं मी शपथेवर सांगू शकत नाही. निगम साहेबांनी मला मिठी मारली. बाल्कन्यांतून टाळ्या पडल्या. दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर माझा फोटो फिरला, यंत्राबरोबर, खाली ‘डॉ. पाटणकर जी का आविष्कार’. फोटोच्या कडेला आईचा काष्टा दिसत होता, तेवढाच. मी तो खुलासा करायला हवा होता. केला नाही. आधी वाटलं, लिहू संध्याकाळी. संध्याकाळी बासष्ट लोकांनी अभिनंदन केलेलं होतं, आणि मी, लाज वाटते सांगायला, ती सगळी अभिनंदनं दोनदा वाचली.

दुसऱ्या दिवशी सात वाजता मी बादली घेऊन उभा, तर यंत्रावर चादर घातलेली आणि आई खिडकीशी. खांदा दुखतोय म्हणाली. यंत्र असताना खांद्याचा काय संबंध, हे विचारण्याइतका मी मूर्ख आहे, म्हणून विचारलं. ती म्हणाली, ‘‘तुमच्या घराण्यात यंत्रं पुरुषांनाच होतात, देवू. आमच्याकडेही तसंच होतं.’’

मग सगळं बाहेर आलं. आपण त्या खंडेनवमीला भाषणात सांगितलंत की शेंगा फोडायच्या यंत्रात दाणा चिरडायचा, अख्खं वर्कशॉप अडलं होतं, आणि एका दुपारी आपल्याला सुचलं की जाळी आणि ढोल यांच्यातली फट वर मोठी आणि खाली लहान ठेवावी. त्याच यंत्रावर वर्कशॉप उभं राहिलं. टाळ्या पडल्या. आई तिसऱ्या रांगेत बसली होती. ती दुपार तिची होती, मामा. ती एकोणीस वर्षांची होती, आजोबांच्या जेवणाचा डबा घेऊन आली होती आणि आपण आणि आजोबा ती फट घासत बसला होतात, तेव्हा वर मोठी, खाली लहान हे तिने सांगितलं. तिला आपल्यावर राग नाही, ती म्हणाली. दादाला खरंच तसंच आठवत असेल, सांगून सांगून माणसाला आपलंच वाटायला लागतं. वर्कशॉपच्या पाटीवर ‘आणि चिरंजीव’ लिहिलं होतं तेव्हाच समजायला हवं होतं. मी हे ऐकत उभा होतो आणि माझ्या खिशात फोन अभिनंदनांनी थरथरत होता.

आपण मोठे आहात, मी आपल्याला बोलणारा कोण. शिवाय मी आपल्याच आरोपाखालचा दुसरा आरोपी आहे, आणि आपल्याला पन्नास वर्षं लागली ते मी एका सकाळीत उरकलं.

होळीनंतरच्या रविवारी, म्हणजे आजच सकाळी, कॉलनीचं होळी मिलन झालं. निगम साहेबांनी मला शाल द्यायची ठरवली होती. कोर्टावरच मंडप. मी माइक घेतला आणि माझ्या हिंदीत सांगितलं, की मशीन मैंने नहीं बनाया. लोक हसले, त्यांना विनय वाटला. मी म्हणालो, हमने भी नहीं बनाया. आणखी हसले, इथे विनयाला तळ नाही. शेवटी मी बोट दाखवून म्हणालो, ‘‘इन्होंने बनाया. अकेले सोचा, अकेले नापा. हम सिर्फ़ सामने खड़े थे, नाक लेकर.’’ मागून रिझवान भाई (मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं) उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, ‘‘सही बात. उस्ताद अम्मा हैं.’’ निगम साहेबांनी शाल घडी केलेली होती ती उलगडली, आईपाशी गेले, तिच्या खांद्यावर घातली आणि वाकून म्हणाले, ‘‘हमसे पूछने में चूक हुई.’’

आईला माइक दिला. मला भीती वाटली, ती परत करेल. तिने तो व्हर्निअरसारखा दोन बोटांत धरला आणि बोलली. मी तिचं हिंदी जसंच्या तसं देतो (खराद म्हणजे इथे लेथ), दुरुस्त केलं तर पाप लागेल. ‘‘इसमें कुछ नहीं है. सब फट में है. फट ज़्यादा तो बॉल गिरेगा, फट कम तो अटकेगा. ये हमारे पिताजी के कारखाने में सीखा. लड़की को खराद पे कोई खड़ा नहीं करता था. मेरे बड़े भाई ने किया. हाथ पकड़ के पहला कट सिखाया, और पिताजी आए तो बोला, ये मैंने काटा, ताकि मेरे को डाँट न पड़े. बस.’’ आणि खाली बसली.

मला हे माहीत नव्हतं. दीड वर्ष आपलं नाव न घेणारी बाई अडीचशे परक्या लोकांसमोर आपलं नाव घेऊन बसली. तेव्हापासून माझ्या मनात आहे की आपल्याला कळवावं. जेवणाची ताटं पडलेली असतानाच लिहायला बसलोय. फोनवर मला हे सांगता आलं नसतं, आणि खोटं बोलण्यासाठी आता बाथरूमही उरलेलं नाही.

मामींना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घालावेत. गुडघ्याची काळजी घ्यावी.

आपला भाचा,
देवदत्त

ता. क. – मूळ काम राहिलंच. त्या ट्रॉलीच्या चाकांनी यंत्र थरथरतं, आणि रिझवान भाईंच्या ओळखीच्या खरादवाल्याने केलेली दोन चाकंही लंगडी निघाली. आईने ती हातात फिरवून बघितली आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘असं चाक एकच माणूस करेल.’’ नाव घेतलं नाही, पण दुसऱ्या कुणाचं असणार. तर आपण दोन चाकं काढून पाठवाल का? ॲल्युमिनियमची, व्यास एकशे ऐंशी मिलिमीटर, जाडी चाळीस, मधलं भोक बारा, कडा सपाट. तिला मी सांगितलेलं नाही. भाऊबीज समजून पाठवा, मोसम नसला तरी.

ता. क. दुसरी – (हे अक्षर माझं नाही, पत्र टेबलावर उघडं टाकून मी ताटं उचलायला गेलो होतो.)

दादा,

देवूने लिहिलेल्यातलं निम्मं वाढवून सांगितलंय. चेंडू नाकाला एकच लागला. व्हर्निअर मी चोरला नव्हता, बाबांनी दिला होता, तुला विचारायचं राहिलं.

मापं चुकीची आहेत. भोक बारा नाही, आठ. मोटारीचा दांडा मी मोजलाय, त्याने नाही. कड सपाट ठेवली तर चेंडू घसरेल, मध्ये दोन मिलिमीटर खोलगट हवी. चाकं तू करू नकोस. मी माप कळवलं तरी तू तुझ्या मनाचं करशील, आणि तुझ्या डोळ्याला अजून महिना झालेला नाही.

पाडव्याला पोचते. लेथ मोकळा ठेव.

पद्मा